हप्ता महिन्याचा, पैसा हंगामाचा : कोकणातल्या कर्जदारासाठी मोफत कर्जसल्ल्याची वाट

आमच्याकडे कर्ज बिघडतं ते पावसाळ्यात. आंब्याचे पैसे मार्च ते मे येतात. मे महिन्यात चाकरमानी आणि पर्यटक चार पैसे सोडून जातात. मग १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटी बंदरात ओढलेल्या, बागेत खत आणि बेणणीचा (तण काढण्याचा) खर्च, मुलांच्या शाळा सुरू, आणि पाठोपाठ गणपती. हप्ता मात्र दर महिन्याच्या पाच तारखेला खात्यातून कापला जातो. खात्यात पैसे नसले की तो परत जातो, त्याचा दंड लागतो, आणि तो हप्ता भरायला माणूस दुसरीकडे हात पसरतो.

मी देवगड तालुक्यात बचत गटांचं काम करते. जून-जुलैत माझ्याकडे येणाऱ्या बायकांमध्ये आळशी किंवा उधळ्या मी फार पाहिलेल्या नाहीत. वर्षाची मिळकत वर्षाच्या खर्चाला पुरते, पण पैसे येण्याचे महिने आणि देण्याचे महिने जुळत नाहीत, अशी घरंच जास्त. ही गाठ सोडवायला फुकट सल्ला देणारी आर्थिक साक्षरता केंद्रं आपल्या जिल्ह्यात आहेत. त्यांच्यापर्यंत कसं जायचं, जाताना काय न्यायचं आणि पुढे काय करायचं, ते पहिल्यांदाच जाणाऱ्यांसाठी लिहिते आहे.

हे केंद्र म्हणजे काय

बँक ऑफ इंडियानं २००६ साली मुंबईत ‘अभय’ नावाचं ऋण समुपदेशन केंद्र सुरू केलं. त्यानंतर रिझर्व्ह बँकेनं २००९ मध्ये अशा केंद्रांसाठी योजना आखली आणि २०१२ मध्ये तिला ‘आर्थिक साक्षरता केंद्र’ असं रूप दिलं. प्रत्येक जिल्ह्याला एक अग्रणी बँक असते, म्हणजे जिल्ह्यातल्या बँकांच्या कामात पुढाकार घेणारी बँक. रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या तिन्ही जिल्ह्यांची अग्रणी बँक आहे बँक ऑफ इंडिया. पालघर आणि ठाण्याची बँक ऑफ महाराष्ट्र. केंद्र चालवण्याची जबाबदारी प्रामुख्यानं अग्रणी बँकेची. त्याशिवाय २०१७ पासून रिझर्व्ह बँकेनं स्वयंसेवी संस्थांच्या मदतीनं तालुका पातळीवरही वित्तीय साक्षरता केंद्रं उभी करायला घेतली. ग्रामीण आणि सहकारी बँकांचीही अशी केंद्रं असतात.

सल्ल्याचे पैसे लागत नाहीत. तुमचं कर्ज कुठल्याही बँकेचं असलं तरी तुम्ही जाऊ शकता. समुपदेशकाचं काम तुमचा हिशेब मांडून देणं, मार्ग दाखवणं, अर्ज लिहायला मदत करणं. बँकेला हुकूम देण्याचा अधिकार त्याला नाही, कर्जमाफी तर त्याच्या हातात नाहीच. हे आधीच सांगते, कारण माफीच्या आशेनं गेलेला माणूस अर्ध्या तासात निराश होऊन उठतो आणि मिळण्यासारखी मदतही घेत नाही.

मोबाईलवर शोधलंत तर आधी अमेरिकेतली माहिती समोर येते. तिथल्या ना-नफा संस्था कर्जदाराकडून महिन्याला एकच रक्कम घेतात, सगळ्या देणेकऱ्यांना वाटून देतात, व्याज कमी करून घेतात. असा आराखडा साधारण तीन ते पाच वर्षं चालतो. आपल्याकडची केंद्रं तुमच्या पैशाला हात लावत नाहीत. म्हणून ‘हप्ते बँकेत भरू नका, आमच्याकडे द्या, आम्ही तुमचं कर्ज अर्ध्यावर आणतो’ असं कुणी फोनवर सांगून नोंदणी फी मागत असेल, तर तो धंदा आहे. त्यांच्या नादानं हप्ते थांबवलेत तर दंड, नोटिसा आणि खराब झालेलं सिबिल (कर्जफेडीची पत) तुमच्याच नावावर पडेल.

कधी जायचं

हप्ता चुकायच्या आधी. कर्जाची थकबाकी ९० दिवसांच्या पुढे गेली की बँकेच्या वहीत खातं अनुत्पादक (एनपीए, म्हणजे थकीत) होतं. (पीककर्जाचा हिशेब दिवसांवर चालत नाही, पिकाच्या हंगामावर चालतो.) त्याआधी शाखा व्यवस्थापकाला तुमच्याशी बोलायला वाव असतो, नंतर फाईल वसुली विभागाकडे जाते आणि बोलणं कठीण होतं.

आंबा बागायतदारानं जानेवारी-फेब्रुवारीत जावं, मोहोर बघून अंदाज येतो तेव्हा. मासेमारीवाल्यानं मार्च-एप्रिलमध्ये. आपले लोक जातात जुलैत, हातात काही नसताना. तेव्हाही जाच, पण हंगामाचे पैसे यायचे असताना गेलात तर ते पैसे कुठे लावायचे हे ठरवता येतं. जुलैत फक्त वेळ मागता येतो.

जाण्याआधी एक मोठा कागद घ्या

या कामाला दोन संध्याकाळ द्या, घाई करू नका. मुलाच्या चित्रकलेच्या वहीतला कागद चालेल. आडवे बारा रकाने आखा, एप्रिल ते मार्च. वरच्या ओळींत येणारे पैसे, खालच्या ओळींत जाणारे. जो पैसा ज्या महिन्यात खरंच हातात येतो त्याच रकान्यात लिहायचा. आंब्याची पट्टी (दलालाकडून येणारा विक्रीचा हिशेब आणि पैसे) वाशीहून जूनमध्ये आली तर ती जूनमध्ये. मुंबईहून भाऊ पाठवतो ते, दुधाचे, काजू बीचे, होमस्टेचे, सगळे. खर्चातही गणपती, शिमगा, शाळेची फी, फवारणी, जाळी शिवायचा खर्च त्या त्या महिन्यात लिहा.

एक उदाहरण मांडते. समजा, एका घरात थोडी कलमं आहेत आणि एक टेम्पो. दलालाची उचल वळती होऊन, फवारणी-खोक्यांचा खर्च जाऊन आंब्याचे २,१०,००० रुपये हातात येतात. टेम्पोचे ऑक्टोबर ते मे महिन्याला १५,०००, पावसाळ्याचे चार महिने ६,०००. मुंबईहून दरमहा ३,०००. वर्षाचे झाले ३,९०,०००. घरखर्च महिन्याला १३,०००, शिवाय शाळा आणि गणपतीचे ३०,०००. म्हणजे वर्षाला १,८६,०००. शिल्लक २,०४,०००. आता हप्ते : टेम्पोचा ९,८००, पतसंस्थेचा ३,८००, मायक्रोफायनान्सचा २,४५०. महिन्याला १६,०५०, वर्षाला १,९२,६००. वर्षाच्या हिशेबात घर तरतं, ११,४०० उरतात.

आता फक्त जून ते सप्टेंबर बघा. येणार ३६,०००. जाणार घरखर्चाचे ५२,०००, शाळा-गणपतीचे ३०,०००, हप्त्यांचे ६४,२००. चार महिन्यांत १,१०,२०० रुपयांचा खड्डा! मे महिन्यात हातात पैसे असताना हा खड्डा कुणी डोळ्यांनी बघितलेला नसतो. मग घराला रंग होतो, नवा मोबाईल येतो, कुणाच्या लग्नात आहेर होतो. यात चूक कुणाची म्हणायची? पैसे आलेले असतात आणि खर्चही खरे असतात. पण जुलैत क्रेडिट कार्डावर ४५,००० चढतात. कार्डाचं व्याज महिन्याला साडेतीन टक्के धरलं तर दरमहा १,५७५, वर्षाला १८,९००. उरणारे ११,४०० त्यात गेलेच, वर आणखी ७,५०० कमी पडले. इथून घर खाली जायला लागतं.

हा कागद समोर ठेवला की समुपदेशकाचं अर्धं काम झालेलं असतं.

दुसऱ्या कागदावर सगळी देणी. प्रत्येकासमोर कुणाचं, किती घेतलं, आज बाकी किती, व्याज किती, हप्ता कोणत्या तारखेला, तारण काय, जामीनदार कोण. सगळी म्हणजे सगळी. सोनं गहाण आहे ते, गटातून अंतर्गत उचललेलं, दुकानदाराची उधारी, बोटमालकाकडून खलाशानं घेतलेली उचल, आंब्याच्या दलालाची उचल, मेहुण्याकडून घेतलेले.

इथे लोक अडखळतात. शेजारच्या वाडीतल्या एका मावशींना घेऊन मी केंद्रात गेले होते. बँकेची दोन्ही कर्जं त्यांनी नीट सांगितली. बाहेर पडल्यावर माडाखाली उभ्या राहून हळूच म्हणाल्या, “आणि त्या दुकानवाल्याचे घेतलंय ना महिन्याच्या दहा टक्क्यांनी, ता पन सांगूक व्हया काय गो?” आम्ही तशाच परत आत गेलो. कारण पुढच्या वर्षभराचे पैसे खरं तर तिथेच जाणार होते, आणि ते सोडून केलेला आराखडा दोन महिनेही टिकला नसता. आपल्याकडे कर्जाचा संबंध थेट अब्रूशी जोडतात, वाडीत कळलं तर काय, ही धास्ती मी समजू शकते. समुपदेशकानं तुमची माहिती गुप्त ठेवायची असते. तरीही मनात शंका असेल तर तालुक्यातलं केंद्र सोडून जिल्ह्याच्या ठिकाणी जा.

नवऱ्यानं किंवा मुलानं काय काय उचललंय याचा पत्ता नसेल, तर त्यांच्या संमतीनं पतअहवाल, म्हणजे त्यांच्या नावावरच्या कर्जांची आणि फेडीची नोंद, काढा. सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या चारही कंपन्यांनी वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल फुकट द्यायचा असतो. कुणाला जामीन राहिलेलं विसरला असाल तर तेही त्यात सापडू शकतं. अहवालात चुकीचं कर्ज दिसलं तर तक्रार करा. ३० दिवसांत दुरुस्ती झाली नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई मिळण्याचा नियम आहे.

सोबत न्यायचे कागद : आधार, पॅन, मंजुरीपत्रं, प्रत्येक कर्जाचा ताजा खातेउतारा, पासबुक, आलेल्या नोटिसा पाकिटासकट (पाकिटावरची तारीख कामाला येते), सोने तारणाची पावती, आणि जमिनीवर बोजा असेल तर सातबारा.

केंद्रात पोचायचं कसं

जवळच्या राष्ट्रीयीकृत बँकेच्या शाखेत जाऊन ‘जिल्हा अग्रणी बँक व्यवस्थापकांच्या कार्यालयाचा नंबर द्या’ म्हणा. ही कार्यालयं जिल्ह्याच्या मुख्यालयी असतात, म्हणजे अलिबाग, रत्नागिरी, ओरोस इथे. फोनवर विचारा : आर्थिक साक्षरता केंद्राचे समुपदेशक कोणत्या दिवशी बसतात, आमच्या तालुक्यासाठी कोण आहे, वैयक्तिक भेटीची वेळ मिळेल का? हा शेवटचा प्रश्न विसरू नका. समुपदेशकांचा बराच वेळ गावोगावच्या शिबिरांत जातो. न विचारता देवगडहून ओरोसला गेलात आणि ते शिबिराला गेलेले असले तर एक दिवस आणि एसटीचं भाडं फुकट जायचं.

बचत गटात असाल तर वाट आणखी सोपी. उमेदच्या (राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाच्या) आर्थिक साक्षरता सखीला किंवा बँक सखीला विचारा; माविमचा (महिला आर्थिक विकास महामंडळाचा) गट असेल तर त्यांच्या लोकसंचालित साधन केंद्रात विचारा. या बायका शाखेतल्या माणसांना ओळखतात. शक्य असेल तर नवरा-बायको दोघं जा. एकट्यानं ऐकलेला सल्ला घरी पोचेपर्यंत अर्धा होतो.

पहिल्या भेटीत काय होतं

तासभर तरी लागतो. समुपदेशक तुमचा कागद बघतो, प्रश्न विचारतो, कर्जांचा क्रम लावतो. क्रम लावताना दोन गोष्टी बघायच्या : कोणतं कर्ज थकलं तर सगळ्यात मोठं नुकसान, आणि कोणत्या कर्जाचं व्याज सगळ्यात जास्त. रोजीरोटीचा टेम्पो किंवा राहतं घर तारण असेल तर तो हप्ता आधी. त्यानंतर कार्ड आणि खासगी सावकार. नातेवाईकांचं बिनव्याजी देणं शेवटी, पण त्यांना जाऊन स्पष्ट सांगून.

वरच्या उदाहरणात समुपदेशक बहुधा असं म्हणेल : कार्डाचे ४५,००० बँकेतलं थोडं सोनं तारण ठेवून एकरकमी फेडा. दहा टक्के व्याजानं वर्षाला ४,५०० जातील, कार्डाला १८,९०० जात होते. वर्षाचा ७,५०० चा तोटा जाऊन ६,९०० उरायला लागतील. मात्र कार्ड त्याच आठवड्यात बंद करायचं. कार्ड चालू ठेवून हे केलंत तर पुढच्या जुलैत सोनंही गहाण आणि कार्डही भरलेलं. एक कर्ज काढून दुसरं फेडणं मी कुणाला सहसा सुचवत नाही. व्याजातला फरक एवढा मोठा असेल आणि महागडं दार कायमचं लावणार असाल, तेवढंच.

दुसरा सल्ला पावसाळ्याच्या खड्ड्याचा. आंब्याचे पैसे आले की त्याच दिवशी १,१०,००० वेगळ्या खात्यात टाकायचे. त्या खात्याचं एटीएम कार्ड घ्यायचंच नाही आणि पावसाळ्याचे चारही महिन्यांचे हप्ते तिथूनच कापले जातील अशी सोय करायची. साधी गोष्ट आहे, पण मी ज्या घरांत हे बघितलं तिथे जुलै महिना शांत गेला.

आणि तिसरा मार्ग, हप्ताच हंगामाला बांधून घेणं. त्यासाठी बँकेकडे अर्ज करावा लागतो.

अर्ज

तोंडी बोलणं विसरलं जातं, म्हणून लेखी द्या. भाषा साधी ठेवा :

‘प्रति, मा. शाखा व्यवस्थापक. विषय : कर्ज खाते क्रमांक ... च्या हप्त्यांची पुनर्रचना करून मिळणेबाबत. महोदय, मी वरील कर्ज दिनांक ... रोजी घेतले असून आजपर्यंत ... हप्ते भरले आहेत. माझे मुख्य उत्पन्न आंबा हंगामातील असून जून ते सप्टेंबर या काळात उत्पन्न अत्यल्प असते. वर्षभराचा उत्पन्न-खर्चाचा तक्ता सोबत जोडला आहे. जून ते सप्टेंबर दरमहा रुपये ... आणि एप्रिल-मे मध्ये रुपये ... याप्रमाणे हप्ता भरण्यास मी तयार आहे. कृपया विचार व्हावा आणि निर्णय लेखी कळवावा.’

‘मला परवडत नाही’ एवढंच लिहू नका. किती परवडतं आणि कोणत्या महिन्यात, ते लिहा. बँकेच्या माणसाला वरिष्ठांकडे पाठवायला काहीतरी ठोस लागतं. दोन प्रती करा, एका प्रतीवर शिक्का आणि तारखेसह पोहोच घ्या. पुनर्रचना झाली तर मुदत वाढते, एकूण व्याज जास्त जातं आणि पतअहवालात तशी नोंद होऊ शकते. हे विचारून, समजून मगच सही करा.

वादळ, पूर, अवकाळीसाठी वेगळा रस्ता आहे. ‘निसर्ग’ ३ जून २०२० ला आलं, पुढच्याच मे महिन्यात ‘तौक्ते’, आणि २२ जुलै २०२१ ला चिपळूण बुडालं. अशा जाहीर आपत्तीनंतर बाधित कर्जांचं पुनर्गठन करण्याबाबत रिझर्व्ह बँकेची मार्गदर्शक तत्त्वं आहेत. पंचनाम्याची प्रत जपा आणि अर्ज लगेच करा. तौक्तेत आमची सात कलमं मुळासकट गेली. तेव्हा हे मला ठाऊक नव्हतं. आम्ही पंचनाम्याचा कागद नुकसानभरपाईपुरता वापरला आणि कर्जाचे हप्ते उसने आणून भरत राहिलो. त्याची आजही चुटपुट लागते.

कर्ज कुणाचं, त्यावर दाद कुठे ते ठरतं

सगळी कर्जं एकाच दरवाजातून सुटत नाहीत. बँक किंवा फायनान्स कंपनी असेल तर आधी तिच्याकडेच लेखी तक्रार. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे फुकट तक्रार करता येते. चौकशीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे. तुमचं कर्ज विदर्भ कोकण ग्रामीण बँकेचं होतं का? ती १ मे २०२५ पासून महाराष्ट्र ग्रामीण बँकेत आली आहे, पत्रव्यवहार त्याच नावानं करा.

पतसंस्थेचं तसं नाही. तिच्यावर रिझर्व्ह बँकेचा ताबा नसतो, लोकपालही चालत नाही. तिथे दाद तालुक्याच्या सहायक निबंधकांकडे, मग जिल्हा उपनिबंधकांकडे. आणि पतसंस्थेची नोटीस कधीही तशीच पडून राहू देऊ नका. सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली ती दिवाणी कोर्टात न जाता वसुली दाखला मिळवू शकते. दाखला निघाल्यावर त्याविरुद्ध वर जायचं तर साधारणपणे निम्मी रक्कम आधी भरावी लागते. म्हणून निबंधकांकडे सुनावणीची तारीख आली की हजर राहा आणि हिशेबाचा उतारा मागा. जामीनदारालाही तीच नोटीस जाते. आपल्याकडे एखादे गुरुजी किंवा एसटीतला कंडक्टर पाच जणांना जामीन असतो. त्यांना अंधारात ठेवू नका. त्यांच्या पगारातून कपात सुरू झाल्यावर सांगायला जाणं फार जड जातं.

शेतजमिनीबद्दल एक गैरसमज आहे. घरावर किंवा दुकानावर बँक ज्या सरफेसी कायद्यानं ६० दिवसांची नोटीस देऊन ताबा घेते, तो शेतजमिनीला लागू नाही, हे खरं. पण सहकारी वसुली दाखल्याला ती सूट नाही. तेव्हा बाग सुरक्षित आहे असं धरून बसू नका.

मायक्रोफायनान्सच्या गटकर्जात हप्त्यांची एकूण बेरीज कुटुंबाच्या मासिक उत्पन्नाच्या निम्म्यापेक्षा जास्त होऊ नये असा २०२२ चा नियम आहे, आणि कर्ज मुदतीआधी फेडलं तर दंड लावता येत नाही. तुमची बेरीज निम्म्याच्या वर जात असेल तर नवीन कर्ज घ्यायला येणाऱ्या आग्रहाला नाही म्हणायला हा नियम चांगला आधार आहे.

खासगी सावकारासाठी महाराष्ट्रात २०१४ चा सावकारी नियमन कायदा आहे. परवाना लागतो. शेतकऱ्याला तारणी कर्जावर वर्षाला ९ टक्के आणि विनातारण १२ टक्के, इतरांना १५ आणि १८ टक्के, यापेक्षा जास्त व्याज परवानाधारकालाही घेता येत नाही. चक्रवाढ व्याज नाही, आणि एकूण व्याज मुद्दलापेक्षा जास्त वसूल करता येत नाही. मावशींचे महिन्याचे दहा टक्के म्हणजे वर्षाचे १२०! सावकारानं व्याजापोटी जमीन लिहून घेतली असेल तर गेल्या पंधरा वर्षांतल्या अशा व्यवहारांची चौकशी जिल्हा उपनिबंधक करू शकतात आणि जमीन परत देण्याचा आदेश देऊ शकतात. तक्रार सहायक निबंधक कार्यालयात. एकटीनं जायची भीती वाटत असेल तर आधी विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. जिल्हा न्यायालयात त्यांचं कार्यालय असतं, तालुका न्यायालयात समिती असते, आणि १५१०० वर फोन लागतो. बाईला तिथे वकील फुकट मिळतो, उत्पन्न कितीही असो.

मोबाईल ॲपवरचं कर्ज असेल, आणि फोनमधले फोटो किंवा नंबर वापरून धमक्या येत असतील, तर पैसे पाठवत राहू नका. स्क्रीनशॉट ठेवा, १९३० वर कळवा, पोलीस ठाण्यात जा. कर्ज देणाऱ्या ॲपनं तुमची संपर्कयादी उघडणंच नियमाबाहेर आहे.

वसुलीवाला दारात आला तर

तौक्तेच्या वर्षी आमच्याकडे एका फायनान्स कंपनीचा माणूस रात्री नऊ वाजता आला, अंगणात गाडी लावून मोठ्या आवाजात बोलायला लागला. सासूबाई थरथरत होत्या. तेव्हा मला नियम माहीत असते तर मी त्याला शांतपणे सांगितलं असतं. आता सगळ्यांना सांगते : बँक किंवा फायनान्स कंपनीच्या वसुली एजंटनं सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करायचा नाही; मायक्रोफायनान्ससाठी ९ ते ६. ओळखपत्र आणि कंपनीचं अधिकारपत्र मागा. शिवीगाळ, धमकी, नातेवाईकांना किंवा शेजाऱ्यांना फोन करून बदनामी, यातलं काहीही चालत नाही. रोख दिलेत तर पावती त्याच क्षणी. तारीख, वेळ, नाव, काय बोलला, ते वहीत लिहा. लोकपालाकडच्या तक्रारीत ही वहीच कामाला येते.

नुसतं कर्ज थकलं म्हणून अटक होत नाही. मात्र चेक दिला असेल आणि तो परत गेला तर गोष्ट वेगळी : नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांत पैसे भरले नाहीत तर फौजदारी खटला होऊ शकतो. अशी नोटीस आली तर त्याच दिवशी वकिलाकडे किंवा विधी सेवा समितीत जा.

कर्जापायी झोप उडाली असेल, जीव नकोसा वाटत असेल, तर हिशेबाचा कागद बाजूला ठेवा आणि १४४१६ वर फोन करा. टेलि-मानसची ही सरकारी सेवा फुकट आहे, दिवसरात्र चालते, मराठीत बोलता येतं. घरातल्या कुणाबद्दल अशी शंका आली तर त्यांना एकटं सोडू नका.

तडजोड

खातं आधीच बुडीत गेलं असेल तर बँक एकरकमी तडजोडीला तयार होऊ शकते. राष्ट्रीय लोक अदालतीत अशी प्रकरणं दाखलपूर्व पातळीवरही, म्हणजे खटला दाखल होण्याआधीही, येतात. तिथे फी लागत नाही आणि झालेला निवाडा अंतिम असतो, अपील नाही. म्हणून जाण्याआधीच समुपदेशकाबरोबर आकडा ठरवा. भरता येईल तेवढंच कबूल करा. लोकांसमोर लाजेनं मोठा आकडा कबूल करून पुढच्या महिन्यात तो चुकवणारे मी पाहिले आहेत, आणि मग सवलतच रद्द होते. तडजोडीत पतअहवालावर ‘सेटल्ड’ असा शेरा येतो, पूर्ण फेडीचा नाही, आणि पुढची काही वर्षं नवीन कर्ज अवघड जातं. ज्याच्याकडे खरोखर दुसरा मार्ग नाही त्यानंच हे करावं असं माझं मत आहे.

फेड झाल्यावर

शेवटचा हप्ता भरून लोक पेढे वाटतात आणि कागद राहून जातात. बँकेकडून किंवा संस्थेकडून बेबाकी दाखला (काही बाकी नाही असा) घ्या. मूळ कागदपत्रं, कोरे चेक, सोनं परत घेऊन पोहोच द्या. दोन-तीन महिन्यांनी पतअहवालात खातं बंद दिसतंय ना, ते बघा. जमिनीवर बोजा असेल तर बेबाकी दाखला जोडून तलाठ्याकडे बोजा कमी करण्याचा अर्ज द्या, फेरफार मंजूर होईपर्यंत पाठपुरावा करा आणि नवा सातबारा काढून बघा. आपल्याकडे एका सातबाऱ्यावर दहा-पंधरा सहहिस्सेदारांची नावं असतात, अर्धी माणसं मुंबईत; एकाचा फेडलेला बोजा तसाच राहिला तर वीस वर्षांनी सगळ्यांचं काम अडतं. तलाठ्याकडे दिलेल्या अर्जाचीही पोहोच घ्या, आणि ती त्या बारा रकान्यांच्या कागदाबरोबर एकाच पिशवीत ठेवा.